बोरघाटाचा धनी कोण?

बोरघाटातल्या रेल्वेचा हिशेब बारकाईने लिहून ठेवलेला आहे. पायथ्याच्या पळसदरीपासून माथ्यावरच्या लोणावळ्यापर्यंत जेमतेम १६ मैलांची वाट, त्यात १,८३१ फुटांची चढण, सर्वांत अवघड जागी ३७ फुटांना १ फूट असा चढ. बोगदे २५, दऱ्यांवरचे मोठे कमानी पूल ८, खर्च सुमारे ११ लाख पौंड. जानेवारी १८५६ मध्ये कामाला सुरुवात झाली आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी मार्ग खुला केला. कोणत्या बोगद्याची लांबी किती, कोणत्या पुलाला किती कमानी, हे आजही सांगता येते. एक रकाना मात्र कोरा आहे. या कामावर माणसे किती मेली, याचा अधिकृत आकडा नाही. भारतीय रेल्वेच्या बांधकामाचा सखोल अभ्यास करणारे इतिहासकार इयान कर यांच्या लेखनामुळे आठ वर्षांत सुमारे २५,००० मृत्यू हा अंदाज रूढ झाला. कामावर एकाच वेळी असलेल्या माणसांची सर्वांत मोठी संख्या १८६१ च्या सुमारास ४२,००० होती, हे लक्षात घेतले की त्या अंदाजाचा अर्थ अंगावर येतो. तो रकाना कारकुनाच्या आळसामुळे कोरा राहिला, असे मला वाटत नाही. त्या कामाची मांडणीच अशी होती की मजूर मेला तर तो कोणाच्याच खात्यावर खर्च म्हणून पडत नव्हता. आणि ज्याचा खर्च पडत नाही त्याची नोंद ठेवायला कोणी बसत नाही. मजुराच्या जिवाची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न आपण सहसा दयामायेच्या भाषेत मांडतो. बोरघाटाचा इतिहास पाहिला तर तो आधी हिशेबाचा प्रश्न ठरतो, आणि पुढच्या दीडशे वर्षांत झालेल्या कायद्यांतली खरी कामाची कलमे कोणती, हेही त्याच हिशेबावरून कळते.

मांडणी कशी होती ते पाहू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी १८४९ मध्ये लंडनच्या पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली आणि त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने तिच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली. रेल्वेला तोटा झाला तरी भागधारकाला व्याज मिळणार आणि ते हिंदुस्थानच्या महसुलातून जाणार. म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवरच्या माणसाची जोखीम पहिल्याच दिवशी पुसून टाकली गेली. कंपनीने स्वतः मजूर लावले नाहीत. जेम्स बर्कली हे तिचे मुख्य अभियंता. आखणी त्यांची, देखरेख त्यांची, पण काम कंत्राटदाराचे. बोरघाटाचे कंत्राट विल्यम फेव्हिएल यांना मिळाले. मुंबई-ठाणे या पहिल्या मार्गाच्या कंत्राटातही ते भागीदार होते. फेव्हिएल यांच्या हाताखाली युरोपीय देखरेखे, त्यांच्या खाली पोटकंत्राटदार, त्यांच्या खाली मुकादम, आणि मुकादमाच्या मागे गावाकडून उचल देऊन आणलेली टोळी. पाथरवट, वडार, बेलदार, शेतीची कामे उरकून आलेले कुणबी, गावात जमिनीचा तुकडाही नसलेले महार-मांग, आणि त्यांच्याबरोबर पाट्या वाहणाऱ्या त्यांच्या बायका व पोरे. या माणसांनी फेव्हिएलला पाहिले असेल-नसेल, बर्कलीला तर नाहीच. त्यांना माहीत असलेला धनी एकच, मुकादम. आणि मुकादमाच्या पदरी तरी काय होते? पुढच्या हप्त्याची वाट पाहणे. टोळीतला माणूस दरीत पडला तर त्याच्या घरच्यांना काही देण्याची त्या मुकादमाची ऐपत नव्हती, आणि ज्यांची ऐपत होती त्यांच्यापर्यंत त्या माणसाचे नाव पोचतच नव्हते. पैसा पायरी-पायरीने खाली येताना आटत गेला, आणि धोका मात्र कुठेही न अडता तळाशी जाऊन साचला.

काम कसले होते, तेही ध्यानात घेतले पाहिजे. सह्याद्रीचा काळा पाषाण घण आणि पहारीने भोके पाडून, त्यांत काळी दारू ठासून उडवायचा. डायनामाइटचा शोध अजून लागायचा होता. तो १८६७ मध्ये पेटंट झाला. काही जागी कडा इतका सरळसोट की माणसांना दोराने खाली सोडून आखणी आणि छिद्रे करावी लागत. पावसाळ्यात बाहेरची कामे बंद. खंडाळ्याच्या पावसात कोणी डोंगर फोडू शकत नाही. म्हणजे वर्षाचे आठ महिनेच हाती, आणि त्या आठ महिन्यांत सगळी घाई. हजारो माणसे ओळीने घाटात पसरलेली, पालापाचोळ्याच्या झोपड्या, पाणी असेल त्या ओढ्याचे, आणि तोच ओढा वरच्या अंगाच्या तळालाही वापरायला. या तळांवर पटकी आली की टोळ्याच्या टोळ्या बसत. मजूर तिला मरीआईचा कोप म्हणत. जे हातीपायी धड होते ते रातोरात गाव गाठत, आणि त्यांच्याबरोबर साथही गावाला जाई.

या कामावर मजुरांनी आवाज उठवल्याची जी ठळक नोंद आहे ती जिवासाठी नाही, मजुरीसाठी आहे. जानेवारी १८५९ मध्ये कर्जतजवळ मजूर खवळले आणि युरोपीय देखरेख्यांवर चालून गेले. कारण साधे होते: ठरलेली मजुरी वेळेवर मिळत नव्हती आणि मिळे ती ठरल्याप्रमाणे नसे. चौकशी झाली, पैसा पोटकंत्राटदारांच्या साखळीत कुठे अडतो हे उघड झाले, आणि मार्चमध्ये फेव्हिएल यांनी कंत्राट सोडले. ते सॉलोमन ट्रेडवेल यांना देण्यात आले. ते मुंबईत उतरून काही दिवसांतच आजाराने वारले, आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट आपल्या नावे पुढे चालवले. प्रत्यक्ष काम ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांनी पाहिले. ॲलिसबाईंचे कौतुक अनेकांनी केले आहे आणि ते वाजवी आहे. मजुरी नियमित झाली आणि काम तडीस गेले. पण या घटनेतून कायदा कोणता निघाला, हे माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे. १८६० चा नववा कायदा, रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरच्या मजूर व मालक यांच्यातील तंटे तातडीने निकालात काढण्यासाठी झालेला, हे कर्जतच्या दंग्याचे थेट फलित. मजुराला आता मॅजिस्ट्रेटसमोर थकलेली मजुरी मागता येऊ लागली. हे लहान पाऊल नव्हते. दगड उचलल्याशिवाय सरकारला जो प्रश्न दिसला नव्हता तो कायद्यात आला. मात्र त्या कायद्यात मजुरीचा प्रश्न आला, मरणाचा आला नाही. मजुरी थकली की दंगा होतो, काम थांबते, व्याजाची हमी देणाऱ्या सरकारलाही झळ लागते. माणूस मेला की काम थांबत नाही. मुकादम दुसरा आणतो.

मरणासाठी कायदा नव्हता म्हणावे, तर तेही खरे नाही. घाटातले काम सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, १८५५ मध्ये, इंग्लंडच्या १८४६ च्या कायद्याच्या धर्तीवर हिंदुस्थानातही प्राणघातक अपघातांविषयीचा कायदा झाला होता. कोणाच्या चुकीने, हयगयीने माणूस दगावला तर त्याची पत्नी, पती, आईबाप, मुले यांच्या वतीने नुकसानभरपाईचा दावा करता येईल, असे त्यात स्पष्ट आहे. सुरुंगात मेलेल्या वडाराच्या बायकोला १८५६ मध्ये कागदावर हा हक्क होता. तो वापरायला तिने काय करायला हवे होते? दिवाणी न्यायालय गाठायचे, चूक नेमकी कोणाची हे सिद्ध करायचे, आणि ज्याची चूक तोच मालक होता हेही सिद्ध करायचे. इंग्लंडच्या न्यायालयांनी १८३७ च्या प्रीस्टली विरुद्ध फाउलर या खटल्यापासून पुढे एक तत्त्व रुजवले होते: नोकराला सहनोकराच्या चुकीने इजा झाली तर मालक बांधील नाही, कारण नोकरी पत्करताना तो धोकाही नोकराने पत्करलेला असतो. घाटात सुरुंगाची वात चुकीच्या वेळी पेटवणारा दुसरा मजूरच असायचा. दोर सोडणाराही मजूर. मग चूक सहकाऱ्याची, मुकादम निर्धन, पोटकंत्राटदार स्वतंत्र धंदेवाईक, कंत्राटदार केवळ कामाचा बांधील, आणि कंपनी तर मालकच नाही. हक्क होता, पण तो ज्याच्याकडे मागायचा तो माणूस कायद्याने कुठेच ठेवला नव्हता. म्हणून एखाद्या कायद्याने हक्क दिला की नाही, एवढे पाहून भागत नाही. पैसे कोणाकडून वसूल होणार याचे नाव त्यात आहे का, ते पाहावे लागते.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे. बोरघाटातले बहुसंख्य मृत्यू सुरुंगाने वा कड्यावरून पडून झाले नाहीत, पटकीने व तापाने झाले. साथ त्या काळी कोणाच्याच हाती नव्हती, मग तिचा दोष कंत्राटदाराच्या माथी कसा मारायचा? पटकी जंतूंमुळे होते हे तेव्हा सर्वमान्य नव्हते, हे कबूल. पण मालकाच्या जबाबदारीसाठी जंतू माहीत असण्याची गरज नसते. माणसांची दाटी कोठे करायची, तळ कोणत्या पाण्यावर बसवायचा, आजारी माणसाला दूर ठेवायला एक छप्पर तरी उभारायचे की नाही, हे निर्णय मजुरांचे नव्हते. दाटीच्या तळावर पटकी पसरते, हा अनुभव तर त्या धंद्यातल्या लोकांना ताजा होता: इंग्लंडमध्येच वुडहेडच्या दुसऱ्या रेल्वे-बोगद्याच्या कामावर १८४९ मध्ये पटकीने २८ मजूर मेले होते. गावातला माणूस गावात साथीने मेला तर ते दुर्दैव म्हणता येईल. चाळीस हजार माणसांना एका डोंगराच्या कुशीत आणून वसवले आणि तिथे ती साथीने मेली, तर वसवणाऱ्याचा त्यात भाग आहे. हे मी आजच्या शहाणपणातून म्हणत नाही, वुडहेडचा अनुभव त्याच काळातला होता. पुढे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी, शौचालये, राहण्याची तात्पुरती सोय आणि प्रथमोपचार ही मालकाची कर्तव्ये ठरवली, तेव्हा याच तर्काला कायद्याचे रूप मिळाले.

दुसरा आक्षेप काळाचा. एकोणिसाव्या शतकाला आपल्या शतकाच्या मोजपट्टीने मोजू नये, असे म्हणतात. तत्त्व मला मान्य आहे. म्हणून त्याच काळाची मोजपट्टी लावू. त्याच वुडहेडच्या पहिल्या बोगद्यावर १८३९ ते १८४५ या काळात ३२ मजूर मेले. बत्तीस! एवढ्यावर इंग्लंडमध्ये गहजब झाला. सार्वजनिक आरोग्याचे सुधारक एडविन चॅडविक यांनी हिशेब मांडून दाखवला की त्या कामावरचे मृत्यूचे प्रमाण वॉटर्लूच्या रणांगणावरच्या सैनिकांपेक्षा कमी नव्हते. १८४६ मध्ये पार्लमेंटची खास समिती बसली. रेल्वे कंपन्यांनाच मजुरांच्या इजेसाठी बांधील धरावे, मजुरांच्या राहण्याची व्यवस्था पाहावी, अशा शिफारशी तिने केल्या. कंपन्यांचे वजन पार्लमेंटमध्ये मोठे होते. अहवाल बासनात गेला. पण तो छापला गेला होता. बोरघाटाचे कंत्राट देणाऱ्या लंडनच्या संचालकांना, त्या धंद्यात हयात घालवलेल्या अभियंत्यांना आणि कंत्राटदारांना हा वाद ठाऊक नसणे शक्य नव्हते. बांधील कोण, हा प्रश्न घाटात पहिली पहार पडण्याच्या दहा वर्षे आधीच विचारून झाला होता. तिथे त्याला नकार मिळाला आणि इथे तो विचारलाच गेला नाही, कारण इथले मरण मोजून दाखवणारा चॅडविक नव्हता आणि ते ऐकणारे पार्लमेंट इथले नव्हते.

मजूर खुशीने आले, गावच्या मजुरीपेक्षा घाटातली मजुरी जास्त होती, असेही कोणी म्हणेल. आले ते खरे, आणि मजुरीच्या ओढीने आले हेही खरे. पण खुशीने येणाऱ्याला खुशीने जाता आले पाहिजे. कर्जतच्या दंग्याच्या त्याच वर्षी, १८५९ मध्ये, सरकारने दुसरा एक कायदा केला: उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला वा मजुराला मॅजिस्ट्रेट काम पुरे करण्याचा हुकूम देऊ शकेल, आणि न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. तो आधी कलकत्ता, मद्रास, मुंबई या शहरांसाठी होता, पण सरकारला वाटेल तिथे लागू करण्याची सोय त्यात होती, आणि तो १९२५ पर्यंत टिकला. करार मजुराने मोडला तर तुरुंग. मालकाच्या हयगयीने मजूर मेला तर दिवाणी दावा, तोही जमल्यास. या दोन कायद्यांना एकमेकांशेजारी ठेवून वाचले की खुशीचा मुद्दा उरत नाही.

आणि आकड्याचे काय? २५,००० हा अंदाज आहे, तो जास्तही असू शकेल, कमीही. मी त्यावर माझे म्हणणे उभे करत नाही. पाच हजार मेले असे धरले तरी म्हणणे ढळत नाही, कारण आकडा निश्चित नसणे हाच यातला मुख्य पुरावा आहे. तुलनेसाठी घाटातलीच दुसरी गोष्ट घ्या. १९ जुलै १८६७ रोजी माहूकीमळीचा मोठा कमानी पूल कोसळला. मार्ग खुला होऊन चार वर्षेच झाली होती. त्यानंतर कंपनीच्या पुलांच्या दगडकामाची चौकशी झाली. चुना कसा होता, दगड कसा बसवला होता, जबाबदार कोण, हे सगळे विचारले गेले, कागद तयार झाले. पूल कंपनीच्या मालमत्तेत मोडत होता, म्हणून त्याच्या पडण्याला नाव, तारीख आणि कारण मिळाले. तो पूल बांधताना जे पडले त्यांना यातले काही मिळाले नाही.

घाटाने आपल्या परीने एक नोंद ठेवली आहे. खोपोलीहून खंडाळ्याकडे जुन्या रस्त्याने चढताना शिंगरोबाचे देऊळ लागते. गोष्ट सर्वांना माहीत आहे: साहेबांना वाट सापडेना, शिंगरोबा धनगराने ती दाखवली, बक्षीस काय हवे म्हणून विचारल्यावर त्याने स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली. याला कागदाचा आधार नाही, आणि इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण लोकांनी काय लक्षात ठेवायचे ठरवले, हा मात्र इतिहासाचा भाग आहे. गव्हर्नर माल्कम यांच्या काळात १८३० मध्ये झालेला गाडीरस्ता आणि पुढे ३३ वर्षांनी आलेली रेल्वे, या दोन्हींतून घाटातल्या माणसांच्या मनात उरलेली गोष्ट अशी की ज्याच्यामुळे वाट झाली त्याचा जीव वाट करवून घेणाऱ्याने घेतला. ट्रकवाले आजही तिथे नाणे टाकून पुढे जातात.

रेल्वेनंतर घाटमाथ्यावरच्या मावळात पुढचे मोठे बांधकाम आले ते टाटांच्या जलविद्युत कामाचे. १९११ मध्ये लोणावळ्यात पायाभरणी झाली. वळवण, शिरवता आणि लोणावळा इथल्या तळ्यांचे पाणी घाटाखाली नेऊन १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. आंद्र मावळात ठोकळवाडीचे धरण आणि त्यावरचे भिवपुरीचे वीजघर १९२२ मध्ये. तंत्र बदलले होते, भांडवल देशी होते, पण कायद्यापुरते बोलायचे तर या धरणांच्या भिंतीवर चढलेला मजूर १८५६ च्या वडारापेक्षा फारसा पुढे नव्हता. इंग्लंडमध्ये १८९७ मध्येच चूक कोणाची हे न विचारता भरपाई देण्याचे तत्त्व कायद्यात आले होते. हिंदुस्थानात त्यासाठी १९२३ उजाडले, आणि कामगार नुकसानभरपाईचा तो कायदा अमलात आला १ जुलै १९२४ रोजी. मृत्यू झाल्यास प्रौढ मजुराच्या वारसांना ३० महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. अल्पवयीन मजूर मेला तर २०० रुपये. महिना २० रुपये मिळवणाऱ्याच्या घरी ६०० रुपये. रक्कम तुटपुंजी म्हणून या कायद्यावर टीका होते, आणि ती योग्य आहे. पण मला त्याचे मोल दुसरीकडे दिसते. बाराव्या कलमाने सांगितले की एखाद्याने आपल्या धंद्याचे काम कंत्राटदाराकडून करवून घेतले, तरी त्या मजुराला भरपाई देण्यास मूळ काम देणारा बांधील राहील, जणू त्याने स्वतःच तो मजूर लावला होता. कायदा कोणाला लागू, याच्या यादीत रेल्वे प्रशासनाच्या कंत्राटदाराने थेट वा पोटकंत्राटदारामार्फत लावलेला मजूरही आला. साखळीतल्या सर्वांत वरच्या, खिशात पैसे असलेल्या माणसाचे नाव कायद्याने पहिल्यांदा उच्चारले. मृत्यूची भरपाई वारसाच्या हातात परस्पर न देता आयुक्ताकडे जमा करायची, हा आठव्या कलमाचा नियमही तितकाच मोलाचा. पन्नास रुपयांवर अंगठा घेऊन विधवेला गावी धाडण्याची वाट त्याने बंद केली. आणि सहनोकराच्या चुकीचा तो जुना बचाव १९३८ च्या मालक-दायित्व कायद्याने काढून टाकला. प्रीस्टलीच्या खटल्याला तोवर एक शतक उलटून गेले होते.

बाराव्या कलमावर धंदेवाल्यांचा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही ऐकू येतो: ज्या मजुराला आम्ही नेमले नाही, ज्याला काढू शकत नाही, ज्याच्या रोजच्या कामावर आमचा ताबा नाही, त्याच्या अपघाताला आम्ही का बांधील? ताबा म्हणजे काय, यावर याचे उत्तर अवलंबून आहे. काम कधी संपले पाहिजे, कोणत्या दराने झाले पाहिजे, पावसाच्या आधी कोणता टप्पा गाठला पाहिजे, हे मूळ काम देणारा ठरवतो. दर इतका खाली आणला की त्यात दोर, जाळी, हेल्मेट बसत नाही, तर ते न बसण्याचा निर्णय खरे तर निविदा उघडली त्याच दिवशी झालेला असतो. शिवाय कायदा मूळ मालकाला नागवत नाही. दिलेली भरपाई कंत्राटदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याच कलमात आहे. भांडण त्या दोघांनी आपसांत करावे, मेलेल्याच्या घराने त्या भांडणाच्या निकालाची वाट पाहू नये, एवढेच कायद्याचे म्हणणे. यापेक्षा न्याय्य वाटणी मला सुचत नाही.

एक फट मात्र राहिली, आणि ती मावळात ठळक दिसते. ते कलम ‘धंद्याच्या’ कामाला लागू आहे. लोणावळा, खंडाळा, पवनेच्या काठाने गेल्या तीस-चाळीस वर्षांत पुण्या-मुंबईच्या लोकांनी बंगले बांधले. स्वतःसाठी बंगला बांधणाऱ्याचा तो धंदा नव्हे. म्हणून स्लॅबवरून पडलेल्या बिगाऱ्याच्या बायकोला पुन्हा त्याच छोट्या ठेकेदाराकडे बोट दाखवले जाते, ज्याचे घरही भाड्याचे असते. १९९६ च्या कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून मंडळामार्फत मदत देण्याची सोय केली ती काही अंशी ही फट भरणारी आहे. महाराष्ट्रात हे मंडळ २०११ मध्ये उभे राहिले. पण मंडळाकडे नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो दाखला ज्याच्याकडून मिळायचा तो ठेकेदार दर महिन्याला वेगळा असतो. नाक्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या माणसाची हजेरी कोण लिहिणार? राज्याराज्यांत उपकराचे हजारो कोटी रुपये पडून आहेत, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कठोर शब्दांत नाराजी नोंदवली. पैसा जमा आहे, हक्क लिहिलेला आहे, आणि मधे नाव नसलेला मजूर आहे. बोरघाटाचा कोरा रकाना तो हाच.

घाटात आज पुन्हा डोंगर फोडला गेला आहे. द्रुतगती मार्गाचे खोपोली ते कुसगाव हे अंतर कमी करणाऱ्या नव्या दुव्यात दोन बोगदे आहेत. त्यांतला एक जवळजवळ ९ किलोमीटर लांब, लोणावळ्याच्या तलावाखालून जाणारा. यंत्रे बदलली, हेल्मेट आले, सुरक्षा अधिकारी आले, आणि हे खरे बदल आहेत. त्यांना क्षुल्लक म्हणणे अन्यायाचे होईल. भरपाईची रक्कमही बदलली: जानेवारी २०२० पासून हिशेबात धरायच्या मासिक वेतनाची मर्यादा १५,००० रुपये झाली, आणि तेवढे वेतन असलेला तीस वर्षांचा कामगार दगावला तर १९२३ च्या कायद्याच्या कोष्टकाप्रमाणे वारसांचा हक्क १५,५९,८५० रुपयांचा होतो. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे; कलमांचे क्रमांक बदलले, पण मूळ काम देणारा बांधील, हे तत्त्व तिथेही टिकले. मात्र साखळी आजही तशीच आहे: वर प्राधिकरण, खाली मोठी कंपनी, तिच्याखाली पोटकंत्राटदार, आणि परराज्यातून टोळी घेऊन आलेला, आता लेबर काँट्रॅक्टर म्हणवणारा मुकादम. त्या साखळीत वरच्याला बांधील धरता येते ते मस्टरवर नाव असेल तेव्हाच.

म्हणून मावळातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात, तुमच्या शेजारच्या साइटवर कोणी जखमी झाला वा दगावला, तर पहिल्या दिवशी तीन गोष्टी कागदावर येतील असे पाहा: त्याचे पूर्ण नाव, तो कोणत्या ठेकेदाराकडे होता, आणि ते काम मुळात कोणाचे होते. हजेरीच्या वहीच्या पानाचा फोटो, मजुरी खात्यात आल्याचा मेसेज, सोबत्याचा जबाब, यांतले काहीही चालते. त्याचे घरचे लोक बीडला, कलबुर्गीला वा झारखंडात असतील; त्यांना दाव्यासाठी इथे खेटे घालावे लागत नाहीत. १९९५ च्या दुरुस्तीपासून वारस जिथे राहतात तिथल्या आयुक्ताकडेही दावा दाखल करता येतो.